बाबू शेवडे हयात आहेत

उमाने चष्मा लावला, आप्पांचा फोन खिडकीच्या उजेडात धरला आणि फोटो दोन बोटांनी मोठा केला. बाबू शेवडे खुर्चीत बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर ठसठशीत कुंकू, समोर तबकात निरांजन. इथपर्यंत आप्पांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण बाबूंच्या उजव्या हातात अर्धा पेढा होता, आणि उरलेला अर्धा गालात असल्यामुळे एक गाल फुगला होता.

"आप्पा," ती म्हणाली, "हे गेलेले नाहीत."

तिचे सासरे पलंगावर पंचा नेसून बसले होते. बातमी कळली म्हणून त्यांनी पहाटे साडेपाचला थंड पाण्याने डोक्यावरून अंघोळ केली होती आणि तेव्हापासून चहालाही नको म्हटलं होतं.

"नाहीत म्हणजे?"

"फोटोवर लिहिलंय. 'आज आमच्या बाबांचं सहस्रचंद्रदर्शन. सर्वांचे आशीर्वाद असावेत.' दर्शनाने टाकलाय, त्यांच्या सुनेने."

आप्पांनी हात पुढे केला. फोन घेऊन नाकाजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दोन वर्षं मागे लागून अखेर पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची तारीख दिली होती, पण तोवर आप्पांचं एकच पालुपद चाललं होतं, की अजून पिकलेला नाही.

"हार आहे," ते म्हणाले.

"सत्काराचा आहे."

"किती जणांनी लिहिलं माझ्यानंतर?"

उमाने मोजलं. आप्पांना धरून बावन्न जणांची बाबू शेवड्यांना श्रद्धांजली वाहून झाली होती. कुणी ईश्वर त्यांच्या आत्म्यास शांती देवो म्हटलं होतं, कुणी नुसतेच हात जोडले होते, आणि दुबईच्या एका माजी विद्यार्थ्याने रविवारी शाळेच्या सभागृहात शोकसभा घ्यावी अशी सूचना करून खुर्च्यांचा खर्च स्वतःकडे घेतला होता. फोटोवरच्या दोन ओळी कुणीही वाचल्या नव्हत्या. वाचायची गरजच नव्हती. शाळेच्या या ग्रुपवर कोण गेलं हे आठल्ये सरच, म्हणजे आप्पाच, आधी सांगतात आणि सर खातरजमा केल्याशिवाय लिहीत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती मोजत असतानाच त्रेपन्नावा निरोप आला. दर्शनाचा.

"बाबा हयात आहेत. कृपया फोटोवरचा मजकूर वाचावा."

मग जी पळापळ झाली ती काही विचारू नका. एकेक जण आपलं लिहिलेलं पुसू लागला. निरोप काढून टाकल्याच्या ओळीवर ओळी पडत गेल्या आणि बघता बघता सगळा ग्रुप सारवल्यासारखा झाला. मधोमध आप्पांचा मजकूर तेवढा राहिला.

"काढ," आप्पा म्हणाले. "माझंही काढ गो लवकर."

उमाने बोट टेकवायच्या आत खाली आणखी एक शब्द उमटला. बाबू शेवड्यांचा स्वतःचा.

"पोचलं."

उमाने तो वाचून दाखवला. आप्पांनी ऐकला. मग त्यांनी पंच्याचं टोक चेहऱ्यावरून फिरवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आता काढून काय उपयोग," ते म्हणाले.

आप्पा आठल्ये एकोणऐंशी वर्षांचे. अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीतल्या शाळेत त्यांचं आयुष्य गेलं, त्यातली शेवटची चौदा वर्षं मुख्याध्यापक म्हणून. निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीला मांडवीच्या घरी आले, आणि पाच वर्षांपूर्वी बायको गेल्यावर नातीने, स्वानंदीने, पुण्याला शिकायला जाताना त्यांच्या हातात फोन ठेवला. करमणूक होईल म्हणून. करमणूक झाली. आता ते सत्तावीस ग्रुपांवर होते आणि सत्ताविसांतही पहिले. वाढदिवस असो, मुंज असो, कुणाच्या नातवाचा निकाल असो की अंगणात फुललेली जास्वंद असो, आप्पांचा आशीर्वाद सगळ्यांच्या आधी पोचायचा. शाळेतही ते घंटेच्या वीस मिनिटं आधी फाटकाशी उभे राहायचे आणि उशिरा येणाऱ्याला न बोलता घड्याळ दाखवायचे. फोन माणसाचा स्वभाव बदलत नाही, स्वभावाला फक्त जास्त वेळ देतो.

दिसेनासं होऊ लागल्यावर ते फोनला तोंडाने सांगत आणि फोन लिहून घेई. ही युक्तीही स्वानंदीचीच. तेव्हापासून उमाला स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं. एकदा ती पोळ्या करत होती. बाहेरून आवाज आला, "फार गुणाची हो बाळ तू. किती करतेस." तिचा हात तव्यावर थांबला. या घरात येऊन तिला तेवीस वर्षं झाली होती, असा मऊ आवाज तिने आप्पांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पिठाचे हात घेऊन ती दारात आली.

"काय म्हणालात, आप्पा?"

"तुला नाही," आप्पा फोनवरची नजर न काढता म्हणाले.

चिपळूणच्या कुणा विद्यार्थिनीने काढलेल्या रांगोळीचा फोटो होता. उमाला ते फार लागलं. सांगण्यासारखं काही नव्हतं, सांगायलाही कुणी नव्हतं. नवरा देवदत्त मुंबईला, महिन्यातून दोन दिवस घरी. तव्यावरची पोळी करपली होती, ती तिनेच खाल्ली.

आज पहाटेही तिने आवाज ऐकला होता, पण भिंतीपलीकडून शब्द कळले नव्हते. आप्पांना भरून आल्यासारखं वाटलं म्हणून ती उठून गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "बाबू गेला." आता सगळ्यांचं पुसून झाल्यावर उरलेला तो मजकूर तिने पहिल्यांदा नीट वाचला.

"बाबू गेला. तो माझ्याहून वडील, पण मुख्याध्यापक मी झालो. खुर्ची माझी होती, मुलं बाबूची होती. ते मला रोज दिसायचं आणि सहन व्हायचं नाही. वेळापत्रक मी करायचो. बारा वर्षं मी बाबूला दहावीचा शेवटचा तास दिला, मुलं दमून गेलेली असावीत म्हणून. तरी त्याच्या वर्गातून हसण्याचा आवाज ऑफिसात यायचा. मी दार लावून घ्यायचो. हे त्याला सांगायचं होतं. राहून गेलं. बाबू, मित्रा, मला क्षमा कर."

उमाने दोनदा वाचलं. आप्पांना लाज वाटते आहे ती जिवंत माणसाला मारल्याची, असं इतका वेळ ती धरून चालली होती.

"आप्पा, चांगलं लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटलं.

"गेलेल्या माणसाला लिहिलं होतं मी ते," आप्पा भिंतीकडेच बघत म्हणाले. "तो वाचणार नाही म्हणून लिहिलं होतं गो."

हे बुधवारी झालं. त्यानंतर आप्पांनी सव्वीस ग्रुप सोडल्यासारखेच केले. कुणाची मुंज नाही, कुणाची जास्वंद नाही. एकच ग्रुप उघडायचा आणि बघत बसायचं. बाबू पुढे काही लिहितो का. उमा कामावरून आली की ते तिला जवळ बोलवायचे.

"बघ गो. पोचलं म्हणजे रागाने लिहिलंय का?"

"एका शब्दात राग कसा कळेल, आप्पा?"

"पुढे टिंब दिलंय."

"शिक्षक आहेत ते. देणारच टिंब."

"मघाशी ऑनलाइन होता तो. तीन मिनिटं होता. मग गेला."

"तुम्ही फोन करा ना त्यांना."

"आणि काय बोलू?"

सत्तावीस ग्रुपांवर पहाटेपासून बोलणाऱ्या माणसाला एका माणसाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. उमाला हसू यायला हवं होतं, पण ऑफिसात मार्चअखेरीची कामं, घरी आल्यावर हे, आणि जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. आप्पांची साखर आधीच वरखाली व्हायची. ऑपरेशनपूर्वी ती ताब्यात हवी, वेळेवर जेवण आणि वेळेवर गोळी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आप्पा गोळी घेत होते आणि जेवत नव्हते. म्हातारा माणूस न जेवता बसला असताना सुनेने पान वाढून घ्यायचं, हे उमाला जमत नसे. ते प्रेम होतं की नुसती सवय, कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. ती उभ्याउभ्याच काहीतरी तोंडात टाकायची.

शुक्रवारी साडेपाचला ती आली तर दार उघडंच होतं. आप्पा खुर्चीत होते, सदरा घामाने भिजला होता, हात थरथरत होते आणि त्या थरथरत्या हातात फोन होता. डोळे त्याच्यावर होते, पण त्यांना काही दिसत नसावं. उमाने पर्स टाकली, स्वयंपाकघरात धावली, मूठभर साखर आणून त्यांच्या तोंडात घातली, वर पाणी पाजलं. दहा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला. दुपारचं ताट टेबलावर तसंच होतं, भात वाळून कडक झाला होता.

तिला रडू आलं नाही, राग आला. तिने त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. आप्पांनी तिचं मनगट पकडलं. म्हाताऱ्या माणसाच्या हाताला एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"दे," ते म्हणाले. "तो लिहील आत्ता."

तिने फोन परत दिला. काय करणार?

संध्याकाळी देवदत्तचा फोन आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मुंबईहून देता येतो तो सल्ला दिला.

"काढून घे ना सरळ त्यांच्याकडून."

"तू ये आणि घे," उमा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग ती आप्पांच्या खोलीत गेली. दिवा लावला.

"रविवारी अलोऱ्याला जायचं आपण. सव्वासहाची चिपळूण गाडी आहे."

"कशाला?"

"बाबूकाकांना भेटायला."

"आणि काय सांगू त्याला?"

"लिहिलंत तेच."

"ते तोंडाने सांगायचं नसतं."

"मग कशाने सांगायचं असतं, आप्पा?"

आप्पांनी दिवा बंद करायला सांगितलं. पण शनिवारी त्यांनी धोतर काढून ठेवायला सांगितलं.

रविवारी पहाटे उमाने त्यांच्यासाठी डब्यात उपमा भरला, गोळ्या वेगळ्या पुडीत बांधल्या, पाण्याची बाटली, टोपी, डॉक्टरांचा कागद. स्वतः कपभर चहा घेतला तो गाडी चुकेल म्हणून अर्धाच. गाडीत आप्पा खिडकीशी बसले. हायवेचं काम कुठे झालेलं, कुठे राहिलेलं. संगमेश्वरपर्यंत धुरळा खाऊन दोघांचे केस लाल झाले. आप्पांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद केला. फोन मांडीवर होता. डोंगरात रेंज जायची तेव्हा ते तो उंच धरायचे, आणि पुढच्या सीटवरची एक कोळीण मागे वळून बघायची.

उमा डोळे मिटून बसली होती. आज काही झालं तरी उद्या पहाटे आप्पा पुन्हा सत्तावीस ठिकाणी पहिले असणार, एवढं तिला कळत होतं. ते सुटेल ही आशा तिने कधीच सोडली होती. त्यांनी बाबूकाकांना एकदा काय ते सांगावं, काकांनी हो-नाही काहीतरी म्हणावं, आणि या माणसाने चार घास पोटात घालावेत. गुरुवारी ऑपरेशन व्हावं. याच्यापलीकडे तिला काही नको होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

चिपळूणला गाडी बदलून ते अलोऱ्याला उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. कॉलनीतले निम्मे क्वार्टर रिकामे, दारांवर वेली चढलेल्या. आप्पांना ते दिसलं नसावं; ते पायांच्या आठवणीवर चालत होते. शाळेच्या फाटकापाशी मात्र थांबले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुढे निघाले.

बाबू शेवड्यांचं घर कॉलनीच्या कडेला, चिऱ्याचं, लहानसं. दर्शना अंगणात आली. पन्नाशीची, जाडसर, हसऱ्या तोंडाची बाई. आप्पांना बघून तिचं हसू क्षणभर अडलं, पण तिने वाकून नमस्कार केला.

"या, सर. बाबा पडवीतच आहेत. जरा मोठ्याने बोला हं. डाव्या कानाने काहीच नाही, उजव्यानेही ओरडल्याशिवाय नाही. यंत्र आणलंय, पण घालतील तर शपथ."

पडवीत आरामखुर्चीवर बाबू शेवडे बसले होते. फोटोतल्यापेक्षा बारीक. त्यांनी आप्पांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"ये," ते म्हणाले. "दहाव्याला आलास? लवकर आलास रे. अजून पाच दिवस आहेत."

दर्शनाने जीभ चावली. उमा उंबऱ्यापाशीच थबकली. आप्पा चाचपडत समोरच्या बाकावर बसले.

चहा आला. गुडघ्यांची चौकशी झाली, मोतीबिंदूची झाली, ती सगळी ओरडून. मग चौकशा संपल्या. बाबू खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत अंगणाकडे बघत होते. बोलायची पाळी कुणाची हे दोघांनाही ठाऊक होतं. आप्पांनी घसा खाकरला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. त्यात चहा उरला नव्हता. मग त्यांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी फोन काढला, सवयीने बोट टेकवलं आणि तो तोंडाजवळ नेला. समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला ते लिहून पाठवणार होते. उमाला ते बघवेना.

"ते ठेव," बाबू म्हणाले.

आप्पा थांबले.

"ठेव म्हणतो ना. लिहिलेलं माझ्याकडे पुष्कळ आहे. बावन्न जणांनी लिहिलंय. सूनबाईने सगळं वाचून दाखवलं मला, पुसायच्या आधी. एकाने, एका माणसाने फोन उचलून विचारलं नाही रे, की बाबू, आहेस का."

आप्पांनी फोन खिशात ठेवला. तिथे तो थरथरला, कुणाचा तरी काही निरोप आला असेल. आप्पांचा हात हलला नाही.

"बोल आता," बाबू म्हणाले.

"काय?"

"लिहिलंस ते. तुझ्या आवाजात ऐकू दे."

आप्पांनी मान खाली घातली. ओठ हलले. उमाला उंबऱ्यापाशी ते जेमतेम ऐकू आलं.

"ऐकू येत नाही," बाबू म्हणाले.

"मुलं तुझी होती."

"मोठ्याने."

"मुलं तुझी होती, बाबू!"

"आणखी?"

"मी तुला शेवटचा तास द्यायचो!" आप्पा ओरडले. चौदा वर्षं सबंध शाळा ज्या आवाजाला घाबरली तो आवाज निघाला, पण मध्येच फाटला. "बारा वर्षं दिला! मुद्दाम दिला! मला बघवायचं नाही रे!"

शेजारच्या अंगणात कपडे वाळत घालणारी बाई ओला परकर हातात धरून तशीच उभी राहिली. आप्पांना ती दिसली नाही, पण दिसली असती तरी आता थांबता आलं नसतं. ते धापा टाकत होते. उमाचा हात पर्समधल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला.

बाबूंनी खुर्चीच्या हातावरची बोटं थांबवली.

"मला ठाऊक होतं," मग ते म्हणाले. "वेळापत्रक भिंतीवर लावायचास ना रे मेल्या. लपवलेलं थोडंच होतंस." त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "आमच्या हिला उशीर चालायचा नाही. घरी गेलो की बोलणी खायचो. ती गेली तोपर्यंत तुला शिव्या देत होती."

"राग आहे?" आप्पांनी ओरडूनच विचारलं.

"आहे. थोडा आहे अजून. तासाचा नाही. मी मेल्याशिवाय तुला बोलता आलं नाही, त्याचा आहे."

आप्पांनी मान हलवली. बाबूंनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. आप्पा पुढे झाले आणि त्यांनी चाचपडत बाबूंचा दंड धरला. एकाला दिसत नव्हतं, दुसऱ्याला ऐकू येत नव्हतं, दोघं मिळून कसेबसे उभे राहिले.

"दर्शना, पानं घे," बाबू म्हणाले. "चार दिवस उपास काढलान याने. दिसतोय तोंडावर. मी गेलो असतो तर तेराव्यापर्यंत राहिला नसता हा."

दर्शनाने आतल्या खोलीत पाट मांडले. वालाची उसळ, आमटी, भात, ताकाची वाटी. आप्पा भिंतीला धरून पाटावर बसले. उमाने लांबूनच बघितलं, त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदाच. तिच्या पाठीतला ताण उतरला आणि एकदम इतकं दमल्यासारखं झालं, की कुठेतरी टेकावं, बाकावर, पायरीवर, कुठेही.

दर्शना भाताचं पातेलं घेऊन आप्पांपुढे वाकली.

"मला नको," आप्पा म्हणाले. बाबूंशी बोलताना चढलेला आवाज अजून उतरला नव्हता, सबंध घराला ऐकू जाईल असा होता. "आधी उमाला वाढ. सकाळपासून अर्ध्या कप चहावर आहे ती. चार दिवस माझ्यापायी धड जेवलेली नाही, आणि एका शब्दाने बोललेली नाही."

दर्शना पातेलं घेऊन वळली.

"बस गो, उमा," ती म्हणाली.

"हात धुते," उमा कसंबसं म्हणाली आणि मागच्या दारी गेली.

तिथे दगडी मोरीवर नळ होता. तिने तो सोडला. हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, पुन्हा हात धुतले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बाबू काहीतरी विचारत होते, आप्पा ओरडून उत्तर देत होते. पान वाढून झालं असावं. दर्शनाने दोनदा हाक मारली, तरी उमाला नुसतं 'आले' म्हणता येईना.